थोरले सरकारांच्या मोटारीतील मूळचा टेप उतरविला त्याची हकिकत

श्री. मुक्यांस वाचा देणारी जी देवता तिचे स्मरण करून, झाले तैसे लिहितो. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी दोन प्रहरी थोरले सरकारांच्या मोटारीतील मूळचा टेप उतरविला आणि त्या जागी काचेचा पडदा बसविला. त्याचा मजकूर ऐसा जे:

त्या मोटारीच्या राज्याचे धनी थोरले सरकार दिगंबरराव. त्यांनी शके १९२१त पांढरी मोटार आणिली आणि तेवीस वर्षे स्वतः हाकिली, आणि एवढ्या मुदतीत कोणास धक्का लाविला नाही की चाक दुसऱ्याचे हाती दिले नाही. मग काचबिंदू उद्भवला. प्रथम उजवीकडचा मुलूख गेला, मग डावीकडचा, मग समोरची पाटीही दिसेनाशी जाहाली. तेव्हा सरकारांनी एके सकाळी किल्ली चिरंजीव शिरीषरावांचे हाती ठेविली आणि आपण डावे आसनी जाऊन बसले, आणि त्या दिवसापासून वाटेत "जपून" म्हणून एक शब्द तोंडावाटे काढिला नाही. चाक सोडले, आता सूचना करणे नाही, ऐसा त्यांचा बाणा. मात्र एक अंमल राखिला, तो टेपाचा. टेपास दोन गोल बटणे होती, एक आवाजाचे, दुसरे स्टेशनाचे, आणि ती सरकारांच्या बोटांस पाठ होती, त्यास दृष्टी लागत नसे. गाडी भरधाव निघाली की सरकार बटण मागे फिरवीत, आणि गाणे बारीक होई, आणि शिरीषरावांचा पाय आपसूक उचलला जाई. वळणांवरून घाट ओळखीत आणि आवाज बंद करीत, म्हणजे समोरचे हॉर्न ऐकू यावे. मग सपाट रस्ता लागला की आवाज पुन्हा चढे आणि गाडी पळे. येणेप्रमाणे तीन वर्षे मोटार दोघांनी मिळून हाकिली, आणि ही गोष्ट शिरीषरावांस ठाऊक नव्हती. त्यांस वाटे, बाबांस बटणांचा चाळा आहे.

पुढे टेप खरखरू लागला. सरकारांचा पंचाहत्तरावा वाढदिवस समीप आला होता, तेव्हा शिरीषरावांनी मसलत केली की बाबांस नवा पडदा द्यावा, त्यात पाहिजे ते गाणे निघते. त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई, त्यांनी पुसले की बाबांना विचारले का. उत्तर दिले की विचारले तर नको म्हणतील, बसवूनच दाखवू. आणि कूच करून सोपान कारागिराचे दुकानी गेले. मूळचा प्लग नव्या पडद्यास लागेना. मग सोपान बोलिला की कापून जोडतो साहेब, जुना काय परत बसवायचाय थोडाच, आणि शिरीषरावांनी मान डोलाविली, आणि कातरी चालली, आणि प्लग रिकाम्या खोक्यांत जाऊन पडला.

दुसरे दिवशी सकाळी स्वारी निघाली. सरकारांस वर्तमान कळविले. ते म्हणाले, "बरं केलंस." आणि वाढत्या वेगाबरोबर सवयीने हात पुढे केला. बोटे काचेस लागली. वर गेली, खाली आली, कडेने फिरली, फिरविण्याजोगे काही सापडले नाही. तेव्हा सरकार जे बोलिले ते:

.........................

ही ओळ फाटली नाही की पुसली नाही. ते काही बोलिलेच नाहीत, म्हणून तितकी जागा सोडिली आहे. बोटांच्या स्पर्शाने मात्र पडद्याने मृणालिनीबाईंच्या माहेरी फोन लाविला, आणि त्यांचे बंधू गाडीभर "हॅलो, कोण, ताई का" करू लागले, आणि मृणालिनीबाई मागून "काही नाही रे, चुकून लागला" म्हणाल्या. सरकारांनी हात उचलून मांडीवर ठेविला. मग गाणे मोठ्याने चालले आणि गाडी नव्वदावर गेली, आणि वळणापलीकडे उसाची ट्रॉली आडवी उभी होती. शिरीषरावांनी ब्रेक दाबिला. ट्रॉली हातभर अंतरावर राहिली. गाणे चालूच होते. मृणालिनीबाई म्हणाल्या, "अहो, एवढ्यात बाबांनी आवाज कमी केला असता."

तेथे शिरीषरावांस तीन वर्षांचा उलगडा जाहाला. गाडी वळवून तडक सोपानाकडे गेले आणि जुना टेप परत मागितला. सोपानाने सांगितले की त्याच्या आतली चाके कालच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या टेपात घातली, आणि प्लगही गेला, आता देवाला सांगितलं तरी व्हायचं नाही.

शिरीषराव गाडीत येऊन बसले आणि किल्ली फिरविली नाही. म्हणाले, "बाबा, यापुढे तोंडानं सांगत जा."

सरकार म्हणाले, "ते मला जमायचं नाही. शेजारी बसून कटकट करणारा म्हातारा मला व्हायचं नाहीये. गाडी तुझी आहे, शिरीष."

"गाडी माझी आहे. पण मी ती एकट्यानं कधी चालवलीच नाही, हे मला आज कळलं."

मग किल्ली फिरविली आणि तसेच निघाले. पडदा बंद ठेविला होता. तीन कोस गेले. मग घाट लागला, पहिले वळण गेले, दुसरे गेले, आणि तिसऱ्यास सरकारांनी घसा साफ केला आणि अगदी बारीक आवाजाने म्हणाले, "हळू."

ते समयी गाडी चाळिसावर होती. शिरीषरावांनी ती पंचविसावर आणिली. मागील ट्रकांनी हॉर्नांचा एकच गजर केला, एक ड्रायव्हर मुंडी बाहेर काढून नाही नाही ते बोलिला, तरी वेग वाढविला नाही.

येणेप्रमाणे टेपाचा अंमल समाप्त जाहाला. घाट उतरेतो सरकार आणखी चार वेळा "हळू" म्हणाले, पैकी तीन वेळा गरज नव्हती. कळावे.