केशवराव गुरुजींच्या झोपेचा पुरावा

“पुराव्याशिवाय मी औषधच काय, पाणीसुद्धा पीत नाही!” सानगडीच्या केशवराव गुरुजींनी चारचौघांत ठणकावून सांगितलं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि पाठोपाठ त्यांची झोपही निवृत्त झाली. अख्खं गाव घोरायचं आणि हे आढ्याकडे बघत पडायचे. बरं, गुपचूप पडून राहावं की नाही? छे! दर थोड्या वेळाने बाजूच्या खाटेकडे वळून विचारायचे, “झोपली का वो?” मनकर्णाबाई गाढ झोपलेल्या असत, त्या दचकून उठत. शेवटी बाईंनी बजावलं, “आता तुमाले झोप आली नाई, त मी चालली लाखांदूरले माहेरी!” या वयात बायको माहेरी जाणार म्हणजे काय! गुरुजी मनातून पार हादरले.

साल एक्याऐंशी-ब्याऐंशीचं असेल. पेपरात एक चौकट छापून आली होती: भांगेच्या झाडातलं कुठलंसं द्रव्य नशा न आणता झोप आणतं की काय, याची म्हणे परदेशात तपासणी चालू आहे. द्रव्याचं नाव इतकं लांब होतं की वाचता वाचताच डोळा लागावा. गुरुजींचा तेवढ्यानेही लागला नाही.

शेजारचा खुशाल म्हणाला, “नशाच नाई, त मंग फायदा काय जी? अन् झोपीसाठी परदेशात कायले जाता? मी आनून देतो ना ठेक्यावरून भांग. घोटभर घ्या, अन् सीधे सकाळी उठा!”

“पुरावा?”

“माहा साळा!”

“एका साळ्याने पुरावा होत नाही, खुशाल! काहींना भांगेची ठंडाई द्यायची, काहींना तशीच दिसणारी साधी. कोणाला कुठली, ते सांगायचं नाही. मग कोण झोपतं ते बघायचं. याला म्हणतात विज्ञान!”

खळ्यावर धान चुरून झालं होतं, माणसं रिकामी होती. त्यात गुरुजींकडे दुपारचं जेवण, लाखोरीच्या डाळीचे वडे, आणि कोणाच्या तरी पेल्यात नक्की भांग! एकही गडी मागे हटला नाही. अंगणात समोरासमोर दोन ओळींची पंगत बसली. स्वयंपाकघरात ठंडाईने भरलेले दोन पितळी गुंड तयार होते. भांगेच्या गुंडाला गुरुजींनी लाल दोरा बांधला आणि मनकर्णाबाईंना सांगितलं, “डाव्या ओळीला दोऱ्याचा, उजवीला बिनदोऱ्याचा. मी उजवीकडे बसतो. चूक करू नकोस!”

बाई हो म्हणाल्या. पण गुरुजींची पाठ वळली आणि बाईंच्या जिवाला टोचणी लागली. एका पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं? दारी जेवायला आलेल्या माणसांत पंक्तिप्रपंच? सासूने पहिल्या दिवशी हातात वाढप दिलं तेव्हा हीच एक गोष्ट तीनतीनदा बजावली होती! बाईंनी भात शिजवायचा मोठा गंज काढला, दोन्ही गुंड त्यात ओतले, ढवळले आणि पुन्हा भरून ठेवले. मग निर्धास्त मनाने वाढायला निघाल्या.

तासाभराने पुरावा यायला लागला. डावीकडे खुशाल स्वतःच्या पायाचा अंगठा बघून हसत सुटला. उजवीकडचा भोजराज उठला आणि बैलाच्या गळ्यात पडून रडायला लागला.

गुरुजी ओरडले, “भोजराज, ढोंग करू नकोस! तुला साधी ठंडाई दिली आहे!”

“हो जी, मी लय ढोंगी हाव!” भोजराजने आणखी मोठा गळा काढला.

त्याची नाडी बघायला गुरुजी उठले, दोन पावलं गेले, तणसीच्या ढिगाला टेकले, आणि जे घोरायला लागले ते दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवल्यावरच उठले!

“सिद्ध झालं!” ते नाचतच घरात शिरले. “भांग नकोच! साधी ठंडाई प्यायलो आणि झोपलो!”

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. “पंक्तीत भेद करून पाप घेऊ काय मी?”

गुरुजींनी कपाळावर हात मारला. म्हणजे भांगेनेच झोप आली? खात्री करायला त्यांनी त्याच रात्री मोजूनमापून भांग घेतली, आणि झोप नेमकी कधी लागते हे बघायला रात्रभर टक्क जागे राहिले. “झोपली का वो? मले झोप लागली का, पाहून सांग ना!”

सकाळी बाईंनी पिशवी भरायला काढली, मग काय मनात आलं कोण जाणे, ती ठेवून दिली. “थे उरलेली पुडी आना इकडे. कोन्त्या रात्री दुधात टाकीन, मी सांगनार नाई. तुमी निस्तं पेयाचं!”

“अगं, हेच तर विज्ञान!” गुरुजींनी आनंदाने पुडीला तोच लाल दोरा गुंडाळला, घट्ट निरगाठ मारली आणि ती बाईंच्या हवाली केली.

आणि चमत्कार झाला! गुरुजी रोज झोपू लागले. असे झोपले की घोरण्याने खुशालची म्हैस दावं ओढायची. बाईंचं माहेर लाखांदुरातच राहिलं. गुरुजी बाजारात माणसं थांबवून सांगत, “पुरावा झाला! भांगेने झोप येते!”

होळीला खुशाल आला. “गुरुजी, पुडी संपली असन. नवी आनू काय?”

“आण, आण!”

“कायले?” म्हणत मनकर्णाबाईंनी धानाच्या कोठीमागून पुडी काढून समोर ठेवली. लाल दोरा तसाच होता, आणि गुरुजींची निरगाठही!

“मग दुधात काय टाकत होतीस?”

“विलायची. तुमच्यासारख्या मानसाले रोज भांग पाजू काय मी?”

खुशाल हसून हसून ओट्यावर लोळला. गुरुजी मात्र पुडीकडे बघत राहिले. एवढे दिवस ते काहीही न घेता आपले आपण झोपत होते! पुरावा समोर होता, आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

त्या रात्री गुरुजींच्या खाटेवरून पुन्हा आवाज आला, “झोपली का वो?”