दिराच्या टाकीवरील स्वारीची हकीकत

आकाश-पृथ्वीच्या कर्त्यास नमन करून, आणि ज्या ओळी त्याने उलगडून सांगितल्या नाहीत त्यांसही दुरून मुजरा करून, वर्तमान लिहिले जाते ऐसे जे: निवृत्त मुद्रितशोधक, शब्दकोशनिवासी, यांस धाकट्या विधवा बहिणीचा खलिता येऊन तीन आठवडे जाहले आणि जाब गेला नव्हता. फोनवर तर मुद्रितशोधकांस दोन वाक्येही धड जमत नसत.

खलित्याचा मजकूर की, बाईंचे यजमान बाप्तिस्मा न घेता वारले, आणि मग दीर, नळकामाचे सुभेदार, यांनी पवित्र शास्त्रातील पौलाच्या पत्रामधली मेलेल्यांकरिता बाप्तिस्मा घेण्याची एकुलती ओळ काबीज केली, आणि आगेमागे न पाहता तीवर किल्ला बांधला, आणि फर्मान काढले की वहिनींनी नवऱ्याच्या वतीने पाण्यात बुडावे, नाहीतर भाऊ कायमचा गेला. अंगणात हजार लिटरची टाकीही बसविली. बाईंस दमा, दिवस थंडीचे, महिनाअखेरचा रविवार मुक्रर. शेवटी बाईंनी पुसले होते, "दादा, मी नाही बुडाले तर ह्यांचं काय होईल?"

मुद्रितशोधकांचे काळीज हलले, आणि मग त्यांनी जन्मभर केले तेच केले, म्हणजे पुस्तके काढली. अकरा टीकाकार जेवणाच्या टेबलावर तळ देऊन बसले. एक म्हणे बाप्तिस्मा म्हणजे हौतात्म्य, दुसरा म्हणे पौल टर उडवितो, तिसरा विरामचिन्हच हलवी. चाळीस अर्थ जमा जाहले, तेही एकमेकांच्या झिंज्या धरून. मुद्रितशोधक रोज लेखणी उचलीत, आणि आपण कोण टिकोजीराव लागून गेलो, म्हणून खाली ठेवीत.

मग त्या रविवारआधीच्या बुधवारी कुटुंबास ताट ठेवावयास जागा मिळेना, तेव्हा पत्नीबाईंनी खलिता स्वतः वाचला.

"इतकी वर्षं लोकांच्या मजकुरात कळलं नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह टाकत होतात ना? मनाचं काही घुसडलंत कधी?"

मुद्रितशोधक पुटपुटले की कधीच नाही. आगेमागचे वाचावे, आणि लेखक इतरत्र स्पष्ट बोलला असेल ते धरून चालावे.

"मग तेच लिहा. तुम्हाला अर्थ लागेपर्यंत ती न्यूमोनियाने जायची."

मग मुद्रितशोधकांनी पत्रातील ते सारे प्रकरण पुन्हा वाचले, तो मेलेले उठतील एवढाच पौलाचा दावा, आणि डुबकीचा हुकूम औषधालाही नाही. मग लेखणी चालली:

"चिमणे, ह्या ओळीचा अर्थ मला माहीत नाही. तुझ्या दिरालाही नाही, पण ते त्याला माहीत नाही. देव दयाळू आहे, हे मात्र पानोपानी स्वच्छ लिहिलंय. तो आमच्या मेव्हण्यांना टाकीशिवाय ओळखेल. पाण्यात उतरू नकोस."

आणि मग मुद्रितशोधक स्वतः, मफलरसुद्धा, कोपऱ्यावरील टपालपेटीवर चालून गेले. येणेप्रमाणे फत्ते जाहली. जखमी: विद्वत्तेचा अभिमान, एक. बेपत्ता: अर्थ, चाळीस. दुपारची टपालगाडी निघावयाचे आधी जाब पेटीत पडला.