मापापुरती विल्मा

शनिवारी सकाळी एल्डन ग्रुबरने बायकोला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभं केलं, तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने खूण केली.

"पाच फूट तीन," तो गंभीरपणे म्हणाला. "विल्मा, तू एक इंच कमी झालीस."

"एकाहत्तर वर्षांची झाले मी. तुझे केस किती कमी झाले ते मोजायचं का?"

"छप्पन्न साली तू पाच फूट चार होतीस. तसं इथे लिहून सही कर."

विल्माचे हात पिठाने भरले होते. दुपारच्या बैठकीसाठी रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजायची होती. तिने हात पुसले आणि सही केली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने याहून विचित्र कागदांवर सह्या केल्या होत्या.

ओहायोतल्या कॅल्डर फोर्कमध्ये जुन्या फोटोंतले मालगाडीचे डबे ओळखणारं एक मंडळ होतं. इंजिनांवर काय, कोणीही भाळतो. मालडबा ओळखायला माणसात काहीतरी लागतं, असं या मंडळींचं ठाम मत होतं. ही मंडळी दाराचे खिळे मोजत, छपराच्या घड्या मोजत आणि कोपऱ्यातल्या पुसट अक्षरांवरून डबा कोणत्या महिन्यात वजनाला लावला होता ते सांगत. फोटोत डब्यापुढे माणूस उभा असला, तर नोंदीत त्याला 'अडथळा' म्हणत. मंडळाचं एक पितळी भिंग होतं. ज्याची ओळख कधीच खोटी ठरली नाही त्याच्याकडे ते राहायचं. गेली तीस वर्षं ते एल्डनकडे होतं.

सोमवारी मंडळाचं पुस्तक छापायला जाणार होतं. मुखपृष्ठावर एल्डनचा छप्पन्न सालचा फोटो यायचा होता. इथल्या जुन्या रेल्वे कंपनीने दहा फूट उंचीचे डबे फक्त पंचवीस बांधले होते आणि त्यांतल्या एकाचाही फोटो कोणाकडे नव्हता. एल्डनचं म्हणणं, माझ्याकडे आहे. डब्याच्या नंबराचे नेमके शेवटचे दोन आकडे विल्माच्या खांद्याने झाकले होते. पण तिच्या उंचीवरून डब्याची उंची काढता येत होती, आणि ती बरोबर दहा फूट येत होती. फोटोच्या मागे त्याने तेव्हाच टंकून ठेवलं होतं : 'अडथळा : एक स्त्री. मापासाठी उपयुक्त.'

चर्चच्या तळघरात बैठक भरली. अकरा जण होते. लॉइड पेचेकने फोटो उजेडात धरला, तिरका केला, नाकाशी नेला. लॉइड आयुष्यभर डब्यांच्या ब्रेकची तपासणी करत आला होता आणि माणसांकडेही तो त्याच नजरेने बघायचा.

"हा साडेदहा फुटी आहे," तो म्हणाला. "असले चार हजार होते. यांची पोरंसोरंही गंजून गेली."

"गणित कर ना लेका. बाई पाच फूट चार. हे तिचं सहीनिशी लेखी."

"बाईचं डोकं दिसतंय. पाय कुठे आहेत?"

"गवतात."

"आणि गवतात पायांत काय होतं?"

"मालधक्क्यावर येणारी बाई पायांत काय घालेल? सपाट बूट! दुसरं काय?"

"तू बघितलेस?"

मग सगळ्यांनी एकदम मागे वळून बघितलं. कोपऱ्यातल्या टेबलावर विल्मा पाई कापत होती.

नवऱ्याची तीस वर्षांची अब्रू आपल्या हातात आहे हे विल्माला कळत होतं. 'सपाट' एवढा एकच शब्द पुरला असता. तिने सुरी खाली ठेवली.

"टाचांचे होते," ती म्हणाली. "लाल. तीन इंच टाच."

"मालधक्क्यावर?" एल्डन कळवळला. "एवढ्या गवतात? तिथे टाचांचे बूट कोण घालतं?"

"जिला तिचा मित्र सांगतो, रविवारी छान तयार होऊन ये, एक खास गोष्ट दाखवायची आहे, ती मुलगी घालते." विल्माचा आवाज शांत होता. "नखं रंगवली होती मी. डाव्या हाताची दोनदा. आणि यानं मला डबा दाखवला."

कोणी हसलं नाही. अकराच्या अकरा जण लग्न झालेले होते आणि प्रत्येकाला आपापला एखादा डबा आठवला असावा. लॉइडने खाली मान घालून कागदावर आकडे मांडले.

"दहा फूट साडेपाच इंच," तो पुटपुटला. बोलताना त्यालाच चोरट्यासारखं झालं.

एल्डनने खिशातून भिंग काढलं, रुमालाने पुसलं आणि लॉइडपुढे ठेवलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण अध्यक्ष ड्वेन हा नियमाने चालणारा माणूस.

"एल्डन, तुझ्या बाकीच्या फोटोंतही मापाला विल्माच आहे ना?"

"हो."

"किती?"

"दोनशे चौदा."

पुस्तकाची छपाई पुढे ढकलण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पाईला कोणी हात लावला नाही.

घरी आल्यावर एल्डनने सगळी खोकी जेवणाच्या टेबलावर उपडी केली.

"हा?"

"सपाट. जॅनिस पोटात होती, सातवा महिना, पाय सुजायचे."

"वाचला. हा?"

"टाचा. तुझ्या भावाच्या लग्नाहून येताना वाटेत गाडी थांबवलीस."

"गेला. हा?"

"अनवाणी. चप्पल तुटली होती. तू म्हणालास, बरं झालं, माप अचूक येईल."

तिला प्रत्येक जोडा आठवत होता, आणि त्या जोड्याबरोबर तो दिवसही. एल्डन लिहून घेत होता. हळूहळू त्याचं लिहिणं मंदावलं. शेवटी तो पुन्हा छप्पन्न सालच्या फोटोपाशी आला. भिंग नव्हतं, म्हणून त्याने विल्माचा वाचायचा चष्मा नाकावर चढवला आणि डबा सोडून पहिल्यांदाच फोटोतल्या विल्माकडे बघितलं.

"तू हसतेयस यात."

"खास गोष्ट म्हणजे डबाच, हे मला अजून कळलं नव्हतं ना."

एल्डनला फार वाईट वाटलं.

"अंगठी खिशात होती," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. आणलेली होती. पण तू नेमकी नंबरापुढे उभी राहिलीस. आधी विचारायचं की आधी बाजूला हो म्हणायचं, हेच मला ठरवता येईना. तेवढ्यात इंजिन लागलं आणि डबा निघून गेला. मग माझं मनच उडालं."

"चार महिने, एल्डन! चार महिने मी वाट बघत बसले!"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

विल्माने फोटो पालथा केला आणि त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. 'अडथळा : एक स्त्री' यावर तिने सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'अडथळा : एक मालडबा.'

एल्डनने ते वाचलं. दोनदा वाचलं. मग त्याने पेन परत घेतलं आणि खाली नीट अक्षरात भर घातली, 'साडेदहा फुटी.'