दुधासाठी थांबलेला काळ

खेळातून पॉजचे बटण काढून टाकावे, हा आग्रह त्याचाच होता.

"काळ थांबवायची सोय फुकटात मिळत असेल," बैठकीत खाली मान घालून तो म्हणाला होता, "तर काळ थांबवायच्या मंत्राला विचारणार कोण?"

संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या त्या चिमुकल्या कंपनीत जादूचे नियम लिहिणे हे त्याचे काम. ते तो अशा निष्ठेने करी, की सहकाऱ्यांनी त्याला 'तत्त्वज्ञ' हे नाव बहाल केले होते. त्याचे तत्त्व एकच: जी मांत्रिकाकडून काही हिरावून घेत नाही ती जादू नव्हे, नुसती सोय. म्हणून त्याच्या खेळातल्या वीस वर्षांच्या मांत्रिकाने काळ एकदा थांबवला, की तो दहा वर्षांनी म्हातारा होई. शंभरी भरली, की कारभार आटोपला.

दोन वर्षे झिजून त्याने हे नियम घडवले, आणि चाचणीला बसलेल्या अकरा जणांनी त्यांना बोटही लावले नाही. एकाने राक्षसाला काठीने बडवले. दुसरा त्याला लांबून वळसा घालून गेला. एकीने तर अख्खा खेळ जिंकला, तरी तिचा मांत्रिक वीसच वर्षांचा.

"पुढे लागेल म्हणून राखून ठेवला मंत्र," ती म्हणाली.

"पुढे म्हणजे कधी? खेळ संपला."

"हो ना. पण असलेला बरा."

कंपनी चालवणाऱ्या मॅडम फारशा रागावत नसत, म्हणून त्यांचा निर्णय अधिक लागे. "पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्या झाल्यात तुझ्या जादूच्या. पाहुणे येऊन जातात, कपबश्या कपाटातच. शुक्रवारपर्यंत कुणी वापरली तर ठेवू, नाहीतर मांत्रिकाच्या हातात तलवार देऊ."

"आणि मी?"

"तू तलवारींना नावं दे."

प्रोग्रॅम लिहिणारे काका कंपनीत सर्वांत वडील, म्हणजे अडतीस वर्षांचे. त्यांना दया आली. "घरी आहे का रे कुणी, जन्मात खेळ न खेळलेलं?"

घरी मावशी होती. ती शिवणकाम करी, आणि आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवले होते. बुधवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक मांडला, कळा समजावल्या आणि कामावर गेला. संध्याकाळी परतला, तो पडद्यावर पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ काठी टेकत उभा.

"मावशी, हा कोण?"

"तुझाच तो पोरगा. पिकला बिचारा."

"काळ थांबवलास? राक्षस आला म्हणून?"

"राक्षसाचं काय घेऊन बसलास! गॅसवर दूध होतं. मग शेजारीण आली माप द्यायला. मग फोन. मग मशीनचा दोरा तुटला. दुपारी जरा डोळा लागला."

"दुधासाठी दहा वर्षं?"

"उतू गेलं असतं की."

त्या संध्याकाळी तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. राज्ये वाचवण्यासाठी रचलेला मंत्र एका पातेल्यावरून ओवाळून टाकला गेला होता. समोरच्या घरांत एकेक दिवा लागत होता, आणि त्या प्रत्येक घरात कुठेतरी दूध तापत असेल, असे त्याला उगीचच वाटले.

खोटे बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने सारे सांगितले. काका हसून हसून खुर्चीतून घसरले. मॅडम मात्र विचारात पडल्या.

"म्हणजे वापरली खरी, पण पॉज म्हणून. तुझ्याच तत्त्वानं ही जादू नाही, सोय झाली. उद्या मी स्वतः बघायला येते."

शुक्रवारी चौघे स्वयंपाकघरात दाटीने उभे होते. मांत्रिक एव्हाना नव्वदीला पोचला होता. शेवटचा दरवाजा दहा पावलांवर, राक्षस पाठीशी, आणि मावशीने पाहुण्यांच्या चहासाठी दूध चढवलेले.

"मावशी, दूध," काका म्हणाले.

मावशीचे बोट मंत्राच्या कळेकडे गेले आणि अधांतरीच थबकले.

"आता नाही. आता थांबवला तर जाईल हा."

"वर आलंय, मावशी."

"जाऊ दे उतू. माझीच कामं करता करता म्हातारा झालाय. चल रे बाबा, टेक काठी."

गॅसच्या सर्वांत जवळ मॅडम होत्या. पण त्या म्हाताऱ्याची पावले मोजत होत्या. दूध कडेवरून ओघळले, बर्नर चर्र करून विझला. मांत्रिक दरवाजापलीकडे पोचला तेव्हा कुठे मॅडमनी गॅसचे बटण बंद केले.

"जादू राहू दे," चप्पल घालताना त्या एवढेच म्हणाल्या. "आणि पॉजचं बटण परत बसव. माझ्या घरीही दूध असतं."

पाहुणे बिनदुधाचा चहा पिऊन गेले. तो शेगडी घासायला बसला. करपलेली साय काही केल्या सुटेना.

"कडेचं राहिलंय," मावशी म्हणाली. ती अजून पडद्यासमोरच होती. "का रे, याला परत विशीचा करता येईल का?"

"नाही, मावशी. तसा नियमच नाही."

"असला मेला नियम केला तरी कुणी?"

त्याने मान आणखी खाली घातली आणि कडा घासायला घेतल्या.