डिकी स्वयंपाकघरात

काकांनी हौसेने आणलेली जुनी अमेरिकन गाडी गॅरेजपेक्षा तीन फूट लांब निघाली, तेव्हा त्यांनी गाडी परत केली नाही, गॅरेजची मागची भिंत पाडली. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं आणि त्या भिंतीवर काकूंची डब्यांची फळी होती. फळी गेली, आणि गॅस आणि मोरीच्या मधोमध गाडीचा मागचा भाग येऊन बसला. दोन पत्र्याचे उभे पंख, लाल दिवे, क्रोमचा बंपर, सगळा थाट.

"तात्पुरतं आहे गं," काका म्हणाले होते. नवऱ्याच्या तोंडून हा शब्द आला की बायकोने समजून जावं. काकूंनी विश्वास ठेवला. त्याला आता वीस वर्षं होत आली.

गाडीची निगा मात्र बघत राहावी अशी. टायरची पांढरी कड टूथब्रशने घासायची, क्रोम जुन्या मऊ बनियनने पुसायचं, सीटच्या चामड्याला मलम चोळायचं. इंजिन बसून राहिलं की मरतं, म्हणून दर रविवारी सकाळी काका ते चालू करत आणि सगळा धूर स्वयंपाकघरात येई. काकू दुधावर झाकण ठेवून अंगणात खोकत उभ्या राहत. तेलाच्या वाफेने क्रोम चिकट होतं म्हणून घरात तळण बंद होतं. शटरखालून येणाऱ्या वाऱ्याने काकूंचे गुडघे धरले होते. त्यांना मलम चोळायला कोणाला सवड नव्हती.

काका गाडीचा कोपरा न् कोपरा पुसत. डिकीचं तेवढं राहून जाई, कारण डिकी स्वयंपाकघरात होती आणि स्वयंपाकघरात काका कधी जात नसत. तेव्हा ती काकूच पुसत. फळी तर गेलीच होती, म्हणून त्यांनी आपले पीठ-तांदळाचे डबे डिकीत मांडले होते, खाली स्वच्छ चादर अंथरून.

दर वर्षी जुन्या गाड्यांची स्पर्धा भरे आणि दर वर्षी काका दुसरे येत. "एकदा पहिला नंबर आला की विकून टाकतो. शब्द आहे माझा," असं ते म्हणत. यंदा निघताना तर ते काकूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या वेळी नंबर आपलाच. तुझी भिंत आली म्हणून समज." खांद्यावर हात कित्येक वर्षांत पडला नव्हता. काकू विरघळल्या आणि त्या गडबडीत डबे काढायचे राहून गेले.

गाडी वळणाआड गेली आणि काकूंनी गवंड्याला बोलावलं.

"काकांना विचारलंय ना?" गवंड्याने विटा उतरवत विचारलं.

"त्यांनीच शब्द दिलाय. तुम्ही घ्या बांधायला."

"नाही, नंतर माझ्या नावाने शंख नको."

संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहिली. गवंडी म्हणाला, "आठ दिवस पाणी मारत राहा, नाहीतर चिरा जातील." काकू ओल्या भिंतीसमोर स्टूल घेऊन बसल्या. वारा येत नव्हता. त्यांना रडू आलं, आणि आपण भिंतीसाठी रडतोय म्हणून हसूही आलं.

काका आले, गाडी उलटी गॅरेजमध्ये घालू लागले आणि विटांपाशी करकचून ब्रेक दाबला. गाडीचं नाक रस्त्यावर राहिलं. शटर निम्म्यावर अडकलं.

"हे काय करून ठेवलंस?"

"भिंत. नंबर आला ना?"

काका गाडीकडे वळले. मग म्हणाले, "हुकला. परीक्षकांनी डिकी उघडली आणि आत तुझे पिठाचे डबे. चारचौघांत शोभा झाली माझी."

वीस वर्षं वाट पाहिली आणि ऐन वेळी आपल्याच हाताने माती केली. काकूंना स्वतःचाच राग आला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "उद्या पाडा भिंत. बसा, मी जेवणाचं बघते. पीठ तेवढं डिकीतून काढते."

"तू राहू दे, मी आणतो," काका चटकन पुढे झाले.

लग्न झाल्यापासून काकांनी पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता. काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गुडघे दुखत असतानाही त्या आधी पोचल्या. गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग चोरून शिरल्या. पिठाच्या डब्यात हात घातला तर हाताला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. बाहेर निघाला चांदीसारखा चकचकीत कप, वर कोरलेलं, 'पहिला क्रमांक'.

सीटवर ठेवला तर चामड्याला ओरखडा जाईल, म्हणून काकांनी तो डब्यात दडवला होता. कोणता डबा रोज उघडतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"डब्यांमुळे हुकला म्हणालात."

"डब्यांमुळेच आला," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "परीक्षक म्हणाले, बाकीच्या गाड्या नुसत्या उभ्या आहेत, हिच्यात घर नांदतंय."

"मग शब्दाचं काय?"

"अगं, पहिला नंबर आलेली गाडी कोणी विकतं का?"

काकू कप घेऊन आत गेल्या, मागून दार लावून घेतलं. कपातलं पीठ झटकलं, नळाखाली कप भरला आणि नव्या भिंतीवर पाणी मारायला लागल्या.