नंबर तोच राहील

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला भुजंगचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली किंवा बोअरमधली मोटार जळाली की ती उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारून वाळवायची आणि परत शेतावर नेऊन बसवायची, असा हा धंदा. दुकानावर पाटी नाही. पाटी वाचून येणाऱ्या गिऱ्हाइकाची भुजंगला कधी गरजच पडली नाही. मोटार बसवायला जाताना तो लाल ऑइलपेंटची डबी सोबत नेई आणि निघताना स्टार्टरच्या पेटीवर आपला मोबाइल नंबर लिहून येई. अंबडपासून घनसावंगीपर्यंत पेट्यांवर, हौदांवर, विहिरींच्या कठड्यांवर तोच लाल नंबर. एका शेतात पेटी गंजून पडली होती, तर त्यानं शेजारच्या कडुलिंबाच्या खोडावर लिहिला. या भागातली पोरं पाढ्यांच्या आधी आपला नंबर शिकतात, असं भुजंग म्हणायचा, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

या नंबरावर सहसा कोणी बोलत नसे. त्यावर मिस्ड कॉल येत. एक मिस्ड कॉल म्हणजे मोटार जळाली, घेऊन जा. दोन म्हणजे झाली का? भुजंगकडून उलटा एक गेला की झाली. दोन गेले की तार आली नाही, दम धरा. बोलणं महाग होतं त्या काळात ही रीत पडली. पुढं बोलणं जवळजवळ फुकट झालं तरी ती टिकली, कारण तिचा खरा फायदा वेगळाच होता. बोलायला लागलं की गिऱ्हाइकाला 'अजून कशी झाली नाही' असं विचारावं लागतं, मग भुजंगला काहीतरी खोटं सांगावं लागतं, आणि दोघांचाही दिवस नासतो. मिस्ड कॉलमध्ये भांडता येत नाही. इतक्या वर्षांत भुजंगचं एकही गिऱ्हाईक तुटलं नव्हतं, ते यामुळंच.

अशा सुखी माणसाच्या समोर, रस्त्यापलीकडं, बद्रीनाथनं नव्या मोटारींचं काचेचं दुकान टाकलं. काचेचं भुजंगला काही वाटलं नाही. पण बद्रीनाथला फोन लावला की एक बाई बोलायची, "बद्रीनाथ इलेक्ट्रिकल्समध्ये आपलं हार्दिक स्वागत आहे." बद्रीनाथच्या घरात एवढं गोड बोलणारं कोणी नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. भुजंगनं खात्री करायला पुन्हा पुन्हा फोन लावून पाहिला आणि दर वेळी त्याचं हार्दिक स्वागत झालं. त्या दिवशी जेवताना त्याचं लक्ष ताटात नव्हतं.

"आपल्याकडं बी एक बाई पाहिजे," तो शेवटी म्हणाला.

दैवशालाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाकरी उलटायला गेलेला हात तिथंच थांबला. "काय पाहिजे?"

"फोनमधली गं."

"मंग नीट सांगावं मानसानं," ती म्हणाली. "अन् ध्यानात ठेवा, नंबराला हात लावायचा न्हाई. आपलं घर त्या नंबरावर चाललंय."

बाईसाठी फार हिंडावं लागलं नाही. बद्रीनाथकडं येणारा सुसंवाद टेलिकॉमचा माणूस रस्ता ओलांडून आपणहून आला. त्याचं नाव प्रेम, आणि गळ्यातल्या कार्डावर लिहिलं होतं 'संबंध व्यवस्थापक'.

"भुजंग सर, तुम्ही अजून साध्या नंबरवर धंदा करता?" त्यानं इतक्या काळजीनं विचारलं की भुजंगनं नकळत शर्टाची वरची गुंडी लावली.

"बाई येईल ना?"

"बाई येईल, मागं संगीत येईल. 'व्यापार वैभव' योजनेत सगळंच येतं."

"अन् नंबर?"

"नंबर तोच राहील, सर."

"लिहून द्या म्हणावं," दुकानामागच्या घरातून दैवशालाचा आवाज आला.

"लिहिलेलंच आहे, वहिनी. करारात पहिलंच वाक्य आहे." प्रेम खोटं बोलत नव्हता. या गोष्टीत पुढंही कोणी खोटं बोलत नाही.

करार प्रेमच्या फोनवर होता. त्यानं तो भुजंगच्या हातात दिला आणि नेमका तेव्हाच दैवशालानं चहा आणला. इथं भुजंगची पंचाईत झाली. आपल्या घरचा चहा पिणाऱ्या पाहुण्यासमोर बसून त्याचाच कागद बारकाईनं वाचायचा, म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. आपल्याकडं लग्नाची यादी वाचतात, जमिनीचा सातबारा वाचतात, पण चहाच्या आधी. एकदा कपबशी हातात गेली की फक्त मान हलवायची असते. म्हणून भुजंग चष्मा न लावता अंगठ्यानं करार वर सरकवत राहिला आणि अधूनमधून मान हलवत राहिला. त्याच्या अंगठ्याखालून जे गेलं, ते असं होतं:

'सदर योजनेअंतर्गत ग्राहकाचा क्रमांक (यापुढे ध्वनिपत्ता) कायम राहील, तथापि धारक कायम राहील अशी हमी पुरवठादार देत नाही. ध्वनिपत्त्यावर येणारा प्रत्येक कॉल, तो पूर्ण, अपूर्ण अथवा वाजण्यापूर्वी खंडित झालेला असो, स्वीकृत समजून आकारणीस पात्र राहील. योजनेची मुदत तीन वर्षे असून ती बंद करण्याबाबत केलेली विचारणा हा सेवेच्या समाधानकारक वापराचा पुरावा मानून मुदत त्या दिनांकापासून नव्याने सुरू होईल. देयक थकल्यास ध्वनिपत्ता त्याच परिसरातील, तत्सम व्यवसायातील निष्ठावान ग्राहकास बक्षीस म्हणून वर्ग करण्यात येईल. प्रस्तुत अटी वाचणारी, वाचल्यासारखे करणारी अथवा न वाचता पुढे सरकणारी व्यक्ती सहमत असल्याचे गृहीत धरण्यात येईल.'

"बराबर आहे," भुजंग म्हणाला.

"एक ओटीपी आला असेल, सर."

भुजंगनं चष्मा लावला आणि ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवला. त्यातला मात्र एकही आकडा त्यानं सोडला नाही.

बाई दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. घनसावंगीकडच्या रखमाजीची मोटार त्याच दिवशी जळाली. मोसंबीची बाग, कडक ऊन, आणि विहिरीत पाणी असून झाडाला मिळेना. रखमाजीनं स्टार्टरच्या पेटीवरचा नंबर बघून नेहमीप्रमाणं एक मिस्ड कॉल द्यायला घेतला. पुरती घंटीही वाजली नाही तोच कानात आवाज आला.

"भुजंग मोटार रिवायंडिंगमध्ये आपलं हार्दिक स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मोटार जळाली असल्यास एक दाबा. मोटार जळण्याची शक्यता असल्यास दोन दाबा."

रखमाजीनं घाबरून फोन कापला. दम खाऊन परत लावला, तर परत बाई. मिस्ड कॉल द्यायचा तर समोर फोन न उचलणारा माणूस लागतो, आणि ही तर टपूनच बसली होती. म्हाताऱ्यानं दिवसभर प्रयत्न केला, मग शेजाऱ्याच्या फोनवरून केला, मग नाद सोडला. भुजंगनं दुकानात दुसरी बाई आणून बसवलीय आणि ती त्याला फोनला हात लावू देत नाही, अशी बातमी आठवड्याभरात दैवशालाच्या माहेरी पोचली.

इकडं भुजंग चकाकत्या मोटारी मांडून बसला होता आणि फोन वाजत नव्हता. झालेल्या मोटारींसाठी त्यानं उलटे मिस्ड कॉल दिले, तर ते कंपनीच्या कुठल्याशा लांबच्या नंबरावरून जाऊ लागले. कर्जवाल्यांचा फोन समजून लोकांनी तो नंबर ब्लॉक केला. महिनाअखेरीस बिल मात्र आलं. रखमाजीनं घाबरून कापलेला प्रत्येक कॉल त्यात 'यशस्वी संवाद' म्हणून लावला होता.

भुजंगनं कंपनीला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर सुरेखा नावाच्या अधिकारी बाई लाभल्या.

"मॅडम, मला ती बाई नको. लोकांचे मिस्ड कॉल यायचे, ते बंद पडले."

"म्हणजे सर, आपल्याला कॉल न उचलण्याची सेवा हवी आहे?"

"सेवा कशाची? मी पहिलं उचलतच नव्हतो की."

"तेव्हा आपण वैयक्तिक पातळीवर उचलत नव्हता, सर. व्यावसायिक पातळीवर न उचलण्यासाठी आपल्याला 'प्रीमियम अनुत्तर' घ्यावं लागेल. त्यात आपला कॉल तज्ज्ञांकडून न उचलला जातो."

"मी सोताच न्हाई उचलला तर?"

"तशी परवानगी नाही, सर. दर्जाचा प्रश्न असतो."

भुजंगनं प्रीमियम अनुत्तर घेतलं. आता फोन कंपनीत कुठंतरी खरोखरच वाजत राहायचा, कोणी उचलायचं नाही, आणि शेवटी बाई येऊन सांगायची, "आपला कॉल यशस्वीरीत्या उचलण्यात आलेला नाही. या अनुभवाला पाचपैकी किती गुण द्याल?" रखमाजीच्या शेजाऱ्यानं पाच दिले. बाग त्याची नव्हती.

मग भुजंगनं सगळंच बंद करायचं ठरवलं.

"योजना बंद कशी करायची, मॅडम?"

"ही विचारणा केल्याबद्दल धन्यवाद, सर. आपण सेवा वापरत आहात याची नोंद झाली. आजपासून आपली तीन वर्षं सुरू."

"अहो, मागल्या महिन्यात चालू झाली व्हती की ती!"

"ती तीन वर्षं आता संपली, सर. ही नवीन."

भुजंग मुळात तापट. तो रोज सकाळी दुकान उघडलं की फोन लावून भांडायचा, आणि रोज सकाळी त्याची तीन वर्षं नव्यानं सुरू व्हायची. भांडणं दैवशालानं थांबवली. "तुम्ही असेच तोंड सोडत राह्यलात तर नातवालाबी ही बाई सोडायची न्हाई," ती म्हणाली. त्यानं भांडण बंद केलं आणि सोबत बिल भरणंही बंद केलं. आपण कंपनीला धडा शिकवला, असं त्याला काही दिवस वाटलंही.

मग एक दिवस बद्रीनाथ रस्ता ओलांडून आला. चेहरा ओशाळलेला, हातात एक नवंकोरं सिम घातलेला साधा फोन.

"भुजंगराव, कंपनीनं मला बक्षीस म्हणून एक नंबर दिलाय," तो म्हणाला. "म्या काही मागितला नव्हता, देवाशप्पथ. पण सकाळधरनं त्याच्यावर नुसते मिस्ड कॉल येऊन राह्यलेत. एक आला म्हंजी काय समजायचं हो?"

भुजंगनं फोन हातात घेऊन नंबर पाहिला. ज्या नंबराला लोक त्याच्या नावानं ओळखत होते, तो दुसऱ्याच्या खिशातून आला होता. त्याला बद्रीनाथच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्या मिस्ड कॉलच्या पलीकडं कोणाची तरी बाग सुकत होती, आणि त्या बागवाल्याचा यात काही गुन्हा नव्हता.

"एक म्हंजी मोटार जळाली," तो कसाबसा म्हणाला. "जल्दी जायचं असतं."

"अन् दोन?"

"दोन आले की मला सांग."

"मी परत करायला गेल्तो की नंबर," बद्रीनाथ म्हणाला. "तर म्हणाले, विचारलंत ना, आता तुमची तीन वर्षं सुरू."

दैवशाला दारात उभी राहून ऐकत होती. तिनं आतून लाल ऑइलपेंटची डबी आणि रॉकेलची बाटली आणली, पिशवीत टाकली आणि मोटारसायकलवर मागं जाऊन बसली.

भुजंगनं साध्या दुकानातून साधं सिम घेतलं होतं. तो नवा नंबर लिहीत दोघं शेतोशेत निघाले. रखमाजीच्या विहिरीवर पोचले तेव्हा तिथं बद्रीनाथच्या दुकानातली नवी मोटार बसलेली होती आणि मोसंबीच्या अर्ध्या झाडांची पानं गळालेली होती. पेटीवर मात्र जुना नंबर तसाच होता, भुजंगच्या तरुणपणीच्या अक्षरात, शेवटच्या आकड्याला दिलेल्या झोकदार शेपटीसकट. फडक्याला रॉकेल लावून तो पुसायला लागला, पण पहिल्या दोन आकड्यांपुढं फडकं सरकेना. दैवशालानं फडकं त्याच्या हातातून घेतलं आणि उरलेला नंबर तिनं पुसला.

"भुजंगा, कागद वाचायचा असतो रे," रखमाजी बाजेवर बसून म्हणाला. "इतका जाणता मानूस तू. येडा का खुळा? आमच्यासारख्या अडाण्याला कोनी फसवलं तर समजू शकतो."

"चुकलं मामा," भुजंग म्हणाला.

तेवढ्यात रखमाजीचा फोन वाजला. पलीकडून कोणी पोरगी बोलत होती. रखमाजीनं ऐकलं, मोठ्यानं हसला, आणि फोन लांब धरून डोळे बारीक करत एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

"कशाचा व्हता?" दैवशालानं विचारलं.

"काय की. लई आदबीनं बोलत व्हती बिचारी."

गोष्ट एवढीच. भुजंग मूर्ख, रखमाजी महामूर्ख, असं म्हणून वाचक आता हसत उठतील. उठण्याआधी एक छोटीशी विचारणा आहे. भुजंगचा करार वर जसाच्या तसा दिला होता, आणि बिल, तीन वर्षं, बक्षीस, हे सगळं त्यात ओळीनं लिहिलेलं होतं. तुम्ही तो वाचला असेल, तर या माणसाचा नंबर जाणार हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं आणि तरी तुम्ही गंमत बघत बसलात. आणि नुसता वर सरकवला असेल, तर भुजंगसमोर निदान पाहुणा चहा पीत बसला होता. तुमच्यासमोर कोण बसलं होतं?