तेराचा पाना

बाविसाव्या दिवशीही बाबांनी भिंतीकडे केलेलं तोंड फिरवलं नाही, आणि त्याच सकाळी साडेनऊ वाजता त्यांच्या खिडकीखाली शववाहिका बंद पडली.

बाबा म्हणजे घराखालच्या गॅरेजचे मूळ मालक. पंचेचाळीस वर्षं त्यांनी गाड्या नुसत्या कानांनी तपासल्या. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच, हातातला चहा खाली न ठेवता ते सांगत, "दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा पडलाय." उघडून बघावं तर प्लग काळाच असे. मग मुलाने मशीन आणलं. गाडीला वायर जोडली की मशीनच्या पडद्यावर आजाराचं नाव उमटायचं. पहिले काही महिने बाबा मशीनच्या आधी उत्तर सांगून मोकळे होत. मग एका गिऱ्हाइकाने हसत म्हटलं, "आजोबा, राहू द्या हो. मशीनला बघू दे आधी." बाबांनी हात पुसले, जिना चढले, पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. एका वाक्याने कुणी मरत नाही म्हणतात. बाबांनी ते खोटं पाडायचा चंगच बांधला.

डॉक्टर दोनदा येऊन गेले.

"रिपोर्ट सगळे उत्तम आहेत," ते सुनेला म्हणाले, "म्हणूनच काळजी वाटते. आजार असता तर औषध दिलं असतं. यांनी जगायचंच सोडून दिलंय. दोन चमचे सुपावर असं फार दिवस चालत नाही. मन आणखी खचेल असं काही त्यांच्या कानांवर किंवा नजरेस पडू देऊ नका."

सुनेने त्या दिवसापासून वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता कात्रीने कापायला सुरुवात केली. बाबा वर्तमानपत्र उघडतच नव्हते, ही गोष्ट वेगळी. पण बिचारीला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. आई लवकर गेलेल्या त्या मुलीला सासऱ्यांनी लेकीसारखं वागवलं होतं, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत ते दिवसादिवसाने कमी होत चालले होते. त्यात हा दुष्काळात तेरावा महिना, लांबलचक, काळा, काचांना पडदे लावलेला.

ती चपला न घालताच खाली धावली.

"अहो, ही गाडी हलवा आधी इथून!"

शववाहिकेचा ड्रायव्हर खाली उतरून टोपी हातात घेऊन उभा होता. अठरा वर्षांत तो दुसऱ्या गिअरच्या वर गेला नव्हता, आणि त्याचा चेहराही त्याच गतीने लांब झाला होता.

"ताई, हलत असती तर थांबलो असतो का? आमची गाडी कुणाच्या दारात हौसेनं उभी राहत नाही."

"आत कुणी..."

"रिकामी आहे. पोचवून परत निघालो होतो. या महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली बघा. आतलं माणूस काही बोलत नाही, पण मागून चालणारे बोलतात."

मुलगा मशीन घेऊन बाहेर आला. गाडी ढकलून गॅरेजात घ्यावी, तर आत एक गाडी चारही चाकं काढून बसली होती. त्याने तिथेच वायर जोडली. मशीनने क्षणभर विचार केला आणि सांगितलं की ऑक्सिजन सेन्सर गेला आहे.

"म्हणजे काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"धुराच्या नळीत बोटाएवढा एक पार्ट असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमीजास्त करतो. हा चुकीचं सांगतोय. नवा टाकला की गाडी एकदम तरतरीत होईल."

"फार तरतरीत नको," ड्रायव्हर घाबरून म्हणाला. "आमच्यामागं लोक चालत असतात."

मुलगा स्कूटर काढून पार्ट आणायला गेला. जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं. सुनेने वर खिडकीकडे पाहिलं. बाबा नुसते कुशीवर वळले असते तरी गाडीचं अख्खं छप्पर दिसलं असतं. तिला एक युक्ती सुचली. कपाटातल्या धुतलेल्या तीन मोठ्या चादरी तिने आणल्या आणि दोघांनी मिळून गाडी झाकून टाकली. चादरी पांढऱ्या होत्या, कारण मोठ्या तेवढ्याच होत्या. ड्रायव्हरने हात लावला तोही सवयीप्रमाणे, कोपरे हळुवार दुमडून, नीट खोचून. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. झाकलेल्या शववाहिकेचं तसं नसतं.

समोर राहणारे निवृत्त मास्तर दूध घेऊन परतत होते. त्यांनी ते पांढरं प्रकरण पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पिशवीसकट हात जोडले.

"कधी झालं?"

"काय कधी?" सून म्हणाली. "काही नाही झालं मास्तर. बाबा आहेत!"

"आहेतच, बाळ," मास्तरांचा आवाज भरून आला. "अशी माणसं कुठं जातात का? आपल्यातच असतात."

"अहो, तसं नव्हे! वर पलंगावर आहेत!"

"असू दे, असू दे. घाई नाही. तू आधी बस पाहू."

मास्तरांनी जन्मभर वर्गात हजेरी घेतली होती. आता गैरहजेरी कळवण्याचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. सून जीव तोडून सांगत होती, आणि ती जितकी सांगत होती तितके मास्तर मान हलवत होते, कारण धक्का बसलेली माणसं असंच बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. अर्ध्या तासात फाटकापाशी खुर्च्या आल्या. जुनी गिऱ्हाइकं आली. "मशीनला बघू दे" म्हणणारं गिऱ्हाईकही आलं, हातात फुलं घेऊन, डोळे लाल करून.

"काय कान होता हो त्यांचा," ते प्रत्येकाला धरून सांगत होतं. "माझ्या गाडीचं गेलेलं बेअरिंग फोनवरून ओळखलं होतं त्यांनी. आणि मी करंटा..."

सून धापा टाकत वर गेली. खिडकी लावून घ्यावी म्हणून तिने हात पुढे केला, तोच भिंतीकडून आवाज आला.

"कुणासाठी आलीय?"

"कोण, बाबा?"

"दिसत नसलं तरी ऐकू येतं मला. माझ्यासाठी आली असेल तर जरा लवकर आलीय. थांबू दे तिला."

सुनेचा बांध फुटला. बावीस दिवसांत त्यांनी उच्चारलेलं हे सर्वांत लांब बोलणं होतं, आणि ते असलं.

"बंद पडलीय हो ती," ती हुंदके देत म्हणाली. "दुरुस्तीला उभी आहे. तुमच्यासाठी नाही."



"काय म्हणालं?"

"कोण?"

"मशीन."

"ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणालं."

बाबांनी नाकातून फक्त एक श्वास सोडला. सून खिडकी लावायची विसरून खाली आली.

मुलगा नवा सेन्सर घेऊन आला तेव्हा आपल्या फाटकाशी जमलेली गर्दी पाहून तो स्कूटर तशीच टाकून आत धावला. वडील आहेत हे बायकोकडून कळल्यावर तो इतका चिडला, की कुणाशी एक शब्द न बोलता गाडीखाली शिरला. वडील गेले तरी कामाला लागला, म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं. त्याने सेन्सर बसवला, गाडी सुरू केली. गाडी खोकली, गदगदली, काळ्या धुराचा एक लोट सोडून बंद पडली. मागची चादर काळी झाली आणि पहिल्या ओळीतले शोकाकुल लोक खुर्च्यांसकट मागे सरकले.

"सेन्सरच खराब निघाला," मुलगा म्हणाला. मशीन पुन्हा जोडलं. मशीन आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. तो पुन्हा स्कूटरवरून गेला, दुकानदाराशी भांडला, दुसरा सेन्सर आणला. बसवला. किल्ली फिरवली. खोकला, गदगद, धूर. मुलाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"बंद कर ती!"

आवाज वरून आला होता. खालची कुजबुज एकदम थांबली. जिन्यावर सपाता वाजल्या आणि दारात बाबा उभे राहिले. बावीस दिवसांची दाढी, चुरगळलेला पायजमा, गालांची खोबण झालेली. गिऱ्हाइकाच्या हातातली फुलं खाली पडली. मास्तरांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, कारण काढून ठेवण्याचं कारण आता उरलं नव्हतं.

बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते सरळ गाडीकडे गेले.

"पहिल्यापासून फट्‌ फट्‌ करतेय. वर पलंगावर मला ऐकू येतं, तुला इथं बसून ऐकू येत नाही?"

"बाबा, पण मशीनवर..."

"सेन्सर खोटं सांगत नव्हता रे, तो कशाला खोटं सांगेल? त्याच्याआधीचा नळीचा जोड ढिला झालाय. फटीतून बाहेरची हवा आत शिरते. त्याला वाटतं, धुरात ऑक्सिजन जास्त आहे, आणि तुझा कॉम्प्युटर ओततोय पेट्रोल. दोन सेन्सर बदललेस, पण नळीवरून एकदा हात नाही फिरवलास. तेराचा पाना दे."

मुलगा ओशाळला. पण पाना आणायला तो धावला, तो ओशाळून नव्हे. बाबा आपल्या पायांनी खाली आले होते, आणि पाना मागत होते.

बाबा गाडीखाली शिरले. नेमकी त्याच वेळी फाटकापाशी टॅक्सी थांबली. मास्तरांचा फोन गेलेली बाबांची थोरली बहीण दीड तासाचा प्रवास रडत करून पोचली होती. तिला दिसली पांढऱ्या चादरीतली शववाहिका, आणि तिच्याखालून बाहेर आलेले आपल्या भावाचे दोन पाय. तिने असा हंबरडा फोडला की शेजारच्या गल्लीतली माणसं बाहेर आली.

"ताई," गाडीखालून आवाज आला, "उजेडातून बाजूला हो जरा."

आत्याला खुर्चीवर बसवून पाणी पाजेपर्यंत काम झालं होतं. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. इंजिन इतकं शांत चालू लागलं, की ते सुरू झालं आहे का हे पाहायला त्याला पायाने ॲक्सिलरेटर जरा दाबून पाहावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. बाबांनी जमिनीवरची फुलं उचलून गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

"गाडीत ठेवा. कुणाच्या तरी कामी येतील."

आणि ते जिना चढून वर गेले. सुनेने आनंदाने सूप गरम करायला ठेवलं. आत्या दोन घास खायला घालते म्हणाली. ड्रायव्हर टोपी हातात घेऊन आभार मानायला वर गेला, तर बाबा पलंगावर आडवे झालेले.

"आता नाही ना बंद पडणार, बाबा?"

"नाही."

"कधीच?"

"माझ्या हातची आहे. दहा वर्षं बघायला नको." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ड्रायव्हरने वाकून त्यांचा चेहरा पाहिला. असे चेहरे त्याने अठरा वर्षं पाहिले होते, फक्त उशिरा पाहिले होते. दारात सुनेच्या हातातली सुपाची वाटी गार होत होती. तो टोपी घालून जिना उतरला. त्या रात्री सुनेने निधनवार्ता कापल्या नाहीत, तिच्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

पाचव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, शववाहिका पुन्हा खिडकीखाली बंद पडली.

फट्‌ फट्‌ ऐकून बाबा उठून बसले. "असं होणारच नाही," ते म्हणाले आणि संतापाने खाली उतरले. जोडाचा नट खरंच ढिला झाला होता. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "रस्ते फार खराब आहेत, बाबा." बाबांनी नट आवळला, मुलाला चार शब्द सुनावले, आणि वर जायच्या आधी आतल्या बिनचाकाच्या गाडीचाही आवाज ऐकला. पुढच्या आठवड्यात शववाहिका परत आली. मग दर सोमवारी येऊ लागली. मास्तर दर वेळी टोपी काढत आणि दर वेळी पुन्हा घालत. सुपाच्या जागी जेवण आलं. दाढी झाली. डॉक्टर पाहून म्हणाले, "औषध काय चालू केलंत?" सुनेला त्यांना काय सांगावं ते कळेना. दारात शववाहिका येते, म्हणून सांगायचं?

सातव्या सोमवारी बाबा गाडीखालून बाहेर आले, पण लगेच उठले नाहीत. तिथेच बसून चिंधीने बोटं पुसत त्यांनी ड्रायव्हरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. दोन बोटांना भाजल्याच्या पट्ट्या होत्या. एक जुनी, एक ताजी.

"रस्ते अजून खराबच का?"

"हो बाबा. फारच."

"चौदाचा पाना वापरतोस."

ड्रायव्हरचा लांब चेहरा आणखी लांब झाला.

"नट तेराचा आहे. चौदाचा लावलास की तो सरकतो, कोपरे झिजतात. असाच चालवलास तर दोन महिन्यांनी नट फिरणारच नाही, मग सोमवारी करशील काय?" बाबांनी पेटीत हात घातला, दांडीवर हाताची झिलई चढलेला आपला जुना पाना काढला आणि त्याच्या खिशात सरकवला. "आणि इंजिन जरा गार होऊ दे आधी. मी कुठं पळून जात नाही."

ड्रायव्हरने खिशावरून हात फिरवला, टोपी घातली आणि गाडीत बसला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.